‘विश’ आणि ‘होप’ कसं शिकवावं? इंग्रजी शिकवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. तरी दहावीच्या मुलाला मनातली इच्छा इंग्रजीत सांगायला सांगा, बहुतेक वेळा ‘आय वॉन्ट’च्या पुढे गाडी सरकत नाही. हवं असणं, आशा असणं, हळहळ वाटणं, कुणाचं भलं चिंतणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत तो त्या रोज नीट वेगळ्या करून बोलतो. इंग्रजीतही त्याला ते यायला हवं. आठवी ते दहावी शिकवणाऱ्या आणि मोठ्यांचे संभाषणवर्ग घेणाऱ्या शिक्षकांकडून वरचेवर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

‘विश’ आणि ‘होप’ यांतला फरक थोडक्यात कसा सांगावा?

एखादी गोष्ट होईल की नाही, किंवा झाली की नाही, हे बोलणाऱ्याला अजून माहीत नसेल तर ‘होप’. ती नाही हे पक्कं माहीत असूनही मन तिकडे ओढ घेत असेल तर ‘विश’.

अनेक वह्यांमध्ये ‘होप म्हणजे भविष्य, विश म्हणजे भूतकाळ’ असं लिहून दिलेलं असतं. ते पुसून टाकावं, कारण त्यानेच पुढचा सगळा घोटाळा होतो. दहावीच्या निकालाचं उदाहरण घ्या. परीक्षा मार्चमध्ये संपली, पेपर तपासून झाले, निकाल मात्र उद्या आहे. जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. तरी मुलगी म्हणेल, ‘आय होप आय हॅव पास्ड.’ गोष्ट मागे घडलेली असली तरी तिला अजून कळलेली नाही, म्हणून ‘होप’. निकाल लागला, गणितात पस्तीसला दोन कमी पडले, की तीच मुलगी म्हणेल, ‘आय विश आय हॅड स्टडीड हार्डर.’ आता सगळं कळून चुकलं आहे. गावाहून परतलेल्या पाहुण्याला आपण फोनवर म्हणतो, ‘आय होप यू रीच्ड होम सेफली.’ तिथेही क्रियापद भूतकाळी आहे आणि शब्द ‘होप’च आहे. मुलांना काळ विचारू नका. ‘तुला कळलंय का अजून?’ एवढंच विचारा.

वर्गात मराठीतून सुरुवात केली तर चालेल का?

चालेल आणि करावीच. हा घटक शिकताना मराठी मुलाकडे आधीच असलेली पुंजी मोठी आहे. ‘मला पंख असते तर’, ‘शाळा नसती तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’ असे कल्पनाप्रधान निबंध त्याने पाचवीपासून लिहिलेले असतात. मराठी व्याकरणात संकेतार्थ नावाचा धडाही झालेला असतो. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण हे सगळं बाजूला ठेवून काळांचा तक्ता काढतो.

फळ्यावर आधी ही वाक्यं लिहा: ‘मला सायकल असती तर!’ आणि ‘मी तेव्हा सायकल घेतली असती तर!’ मुलांना फरक लगेच कळतो. पहिल्यात आज सायकल नाही. दुसऱ्यात तेव्हा घेतली नाही. पहिल्याचं इंग्रजी ‘आय विश आय हॅड अ सायकल’, दुसऱ्याचं ‘आय विश आय हॅड बॉट अ सायकल’. मराठीत नुसतं ‘असती’ आलं की इंग्रजीत क्रियापदाचं दुसरं रूप, ‘घेतली असती’सारखी जोडी आली की ‘हॅड’ आणि तिसरं रूप. तसंच ‘मला पोहता येत असतं तर’ म्हणजे ‘आय विश आय कुड स्विम’. हे जुळणं शंभर टक्के नाही, पण आठवीच्या मुलाला पहिल्या महिनाभर पुरतं.

‘पास झालो तर बरं’ आणि ‘पास झालो असतो तर बरं झालं असतं’ ही जोडीही फळ्यावर असू द्या. पहिलं ‘होप’, दुसरं ‘विश’. मूल स्वतःच दाखवून देतं.

सायकल आज नाही, मग ‘हॅड’ का? मुलं हे हमखास विचारतात.

विचारतात याचा आनंद माना, कारण या घटकाचं मर्म याच प्रश्नात आहे. ‘नियमच तसा आहे’ असं उत्तर देऊन पुढे जाऊ नका.

इंग्रजीत भूतकाळी रूप फक्त गेलेला काळ दाखवत नाही, ते अंतर दाखवतं. कधी ते आजच्या दिवसापासूनचं अंतर असतं, कधी वस्तुस्थितीपासूनचं आणि कधी समोरच्या माणसापासूनचं, म्हणजे अदबीचं. ‘आय हॅड अ सायकल इन २०१५’ हे काळाचं अंतर. ‘आय विश आय हॅड अ सायकल’ हे वस्तुस्थितीपासूनचं अंतर. ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग, सर’ हे अदबीचं अंतर.

आता मराठीकडे बघा. मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहून मुलगा म्हणतो, ‘सर, एक विचारायचं होतं.’ विचारायचं आत्ता आहे, पण तो ‘होतं’ म्हणतो. दुकानात आपण म्हणतो, ‘मला अर्धा किलो साखर हवी होती.’ साखर आत्ताच हवी आहे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की अंगणातून उत्तर येतं, ‘आलोच!’ अजून पाऊलही उचललेलं नसतं. ‘पाऊस पडला तर सहल रद्द’ या वाक्यात पाऊस उद्याचा आणि क्रियापद ‘पडला’. भूतकाळी दिसणारं रूप दर वेळी गेलेला काळ सांगत नाही, हे मराठी मूल तोंडाने रोज सिद्ध करत असतं. त्याला फक्त ते दाखवून द्यायचं असतं. ही चार वाक्यं फळ्यावर लिहून ‘यातलं खरंच होऊन गेलेलं कोणतं?’ असं विचारा. वर्ग क्षणभर गप्प होतो, मग हात वर येऊ लागतात. त्यानंतर ‘आय विश आय हॅड’ परकं वाटत नाही.

एखादं ‘विश’चं वाक्य बरोबर आहे की नाही, हे मुलांनी स्वतः कसं तपासावं?

प्रत्येक वाक्याखाली त्यामागची वस्तुस्थिती लिहायला सांगा. ‘आय विश आय न्यू हर ॲड्रेस’ याखाली ‘आय डोन्ट नो हर ॲड्रेस’. ‘आय विश इट वेअरन्ट सो हॉट’ याखाली ‘इट इज हॉट’. ‘आय विश आय हॅडन्ट शाउटेड ॲट हिम’ याखाली ‘आय शाउटेड ॲट हिम’. इच्छेत होकार असेल तर वस्तुस्थितीत नकार असतो आणि इच्छेत नकार असेल तर होकार. शिवाय इच्छेचं क्रियापद वस्तुस्थितीपेक्षा एक पायरी मागे जातं: वर्तमानाचा साधा भूतकाळ, साध्या भूतकाळाचा पूर्ण भूतकाळ, ‘कॅन’चा ‘कुड’. खाली लिहायला वस्तुस्थितीच सापडत नसेल, तर तिथे बहुधा ‘होप’ हवं होतं. ‘आय विश आय पास’ लिहिणारा मुलगा खाली काय लिहील? निकाल लागलेलाच नाही. तिथे त्याची चूक त्यालाच सापडते, शिक्षकाच्या लाल पेनाची गरज राहत नाही.

‘आय विश यू विल कम’ चुकीचं का? भावना तर कळते.

कळते, पण दुरुस्त करताना मुलं आणखी मोठ्या खड्ड्यात पडतात, म्हणून याला वेळ द्या. ‘विल’ चुकलं म्हणून मुलगी ‘कुड’ घालते आणि ताईच्या लग्नाच्या निमंत्रणात लिहिते, ‘आय विश यू कुड कम टू द वेडिंग.’ व्याकरण निर्दोष आहे. अर्थ मात्र असा होतो की तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे, आला असतात तर बरं झालं असतं. बोलावणं करायला गेली आणि न येण्याचं गृहीत धरून आली. तिला म्हणायचं होतं, ‘आय होप यू कॅन कम’ किंवा ‘आय होप यू विल कम’. ही दोन पत्रं शेजारी-शेजारी वाचून दाखवा आणि पाहुण्याला काय वाटेल ते विचारा. चुकीच्या शब्दाने माणूस दुखावू शकतो, हे एकदा कळलं की मुलं तो शब्द जपून वापरतात.

‘विश’नंतर ‘वुड’ कधी येतं?

दुसऱ्याने वागणं बदलावं असं वाटतं तेव्हा. त्यात बहुतेक वेळा थोडा वैताग असतो. ‘आय विश यू वुड लिसन.’ ‘आय विश द नेबर्स वुड टर्न डाउन द लाउडस्पीकर.’ मराठीत आपण ‘जरा ऐकशील तर बरं’ म्हणतो, तो सूर.

पावसाचं वाक्य इथे फार कामाचं आहे. मृग लागला, पेरणीची तयारी झाली, आणि शेतकरी म्हणाला ‘आय होप इट रेन्स धिस वीक’, तर ती साधी आशा झाली. ढग रोज येऊन नुसते निघून जाताहेत, माणूस वर बघून कंटाळला आहे, तेव्हा तो म्हणेल ‘आय विश इट वुड रेन’. दोन्ही वाक्यं पुढच्या पावसाबद्दलच आहेत. फरक बोलणाऱ्याच्या मनःस्थितीत आहे.

दोन बंधनं सांगून ठेवा. स्वतःबद्दल ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत, तिथे ‘कुड’ घ्यावं. आणि ‘नो’, ‘हॅव’, ‘बिलाँग’ अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांबरोबर ‘वुड’ बसत नाही: ‘आय विश शी न्यू’ बरोबर, ‘आय विश शी वुड नो’ नाही.

‘आयड’ ऐकल्यावर ते ‘हॅड’ की ‘वुड’, हे मुलांना कळत नाही.

दोन्हींचं आखूड रूप सारखंच ऐकू येतं, त्यामुळे त्या एका आवाजावरून ठरवता येणार नाही. पुढचं क्रियापद ऐकायला शिकवा. ‘आय विश यूड टोल्ड मी’ यात ‘टोल्ड’ हे तिसरं रूप आहे, म्हणून ‘हॅड’. ‘आय विश यूड टेल मी’ यात मूळ रूप आहे, म्हणून ‘वुड’. पहिल्यात न सांगितल्याची हळहळ आहे, दुसऱ्यात आता तरी सांग अशी विनवणी. अशा पाच-सहा जोड्या रोज वाचून दाखवायच्या, मुलांनी वहीत फक्त ‘ह’ किंवा ‘व’ लिहायचं. तासाची पहिली पाच मिनिटं पुरतात.

‘आय विश आय वॉज’ की ‘आय विश आय वेअर’?

लेखनात आणि परीक्षेत ‘वेअर’ शिकवा. बोलताना ‘वॉज’ सर्रास ऐकू येतं, त्याला चूक ठरवू नका. ‘इफ आय वेअर यू’ मात्र ठरून गेलेलं आहे, तसंच पाठ असावं. चौकस मुलाला सांगता येईल की इच्छेसाठी आणि कल्पनेसाठी इंग्रजीत एके काळी क्रियापदांची वेगळी रूपं होती, ती झिजत गेली आणि भूतकाळापुरतं बोलायचं तर हे एकटं ‘वेअर’ तेवढं उरलं.

वाढदिवसाला ‘विश करतो’, तेच हे ‘विश’ का?

शब्द तोच, रचना वेगळी. ‘आय विश यू’ यानंतर थेट नाम येतं आणि मग ते हळहळीचं राहत नाही, शुभेच्छेचं होतं: ‘आय विश यू अ हॅपी बर्थडे’, ‘वुई विश यू अ हॅपी मॅरीड लाइफ’. यातला ‘अ’ आपल्याकडच्या भेटकार्डांवर आणि फलकांवर कायम गळतो, तो मुलांच्या वहीत गळू देऊ नका. ‘ऑल द बेस्ट’च्या आधी मात्र तो नसतो. नामाऐवजी वाक्य जोडायचं असेल तर पुन्हा ‘होप’कडे वळायचं: ‘आय होप यू गेट वेल सून’. ‘टीचरला विश केलंस का?’ हा प्रयोग भारतात सगळ्यांना कळतो, बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘से गुड मॉर्निंग’ किंवा ‘ग्रीट’ म्हणावं एवढं सांगितलं की झालं.

आशीर्वाद आणि श्रद्धांजली?

त्यासाठी ‘मे’. ‘देव तुझं भलं करो’ म्हणजे ‘मे गॉड ब्लेस यू’. ‘त्यांच्या आत्म्यास शांती लाभो’ म्हणजे ‘मे हिज सोल रेस्ट इन पीस’. मराठीतलं ‘करो, लाभो, होवो’ आलं की इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला ‘मे’, ही खूण मुलं विसरत नाहीत. क्रियापद मूळ रूपात राहतं, ‘रेस्ट्स’ नाही.

‘आय डोन्ट होप सो’?

‘आय होप नॉट’. ‘आय डोन्ट थिंक सो’ बरोबर असल्यामुळे मुलं त्याच्या चालीवर हे बनवतात. होकारात ‘आय होप सो’. प्रश्नोत्तरांतून तोंडात बसवा: ‘उद्या परीक्षा आहे का?’ ‘आय होप नॉट!’ हे उत्तर सगळा वर्ग मनापासून देतो.

वर्गात साठ मुलं आहेत. प्रत्येकाला बोलतं कसं करायचं?

जोड्या लावा, बाक हलवायची गरज नाही. एकाने तक्रार मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत सांगायची, शेजाऱ्याने तिची ‘विश’ करायची. ‘बस उशिरा येते’ असं ऐकलं की ‘आय विश द बस केम ऑन टाइम’. दोन मिनिटांनी भूमिका बदलायची. साठ मुलांच्या वर्गात एका वेळी तीस जण बोलत असतात. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवलं की पुरे.

दुसरा सराव लेखी आणि माझ्या मते सर्वांत फलदायी. मराठीत ‘एसटी बसचे आत्मवृत्त’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ असे निबंध मुलांनी लिहिलेले असतात. त्याच वस्तूला इंग्रजीत इच्छा बोलायला लावा. एसटी बस म्हणेल: ‘आय विश पीपल वुडन्ट स्पिट फ्रॉम माय विंडोज. आय विश माय सीट्स वेअर सॉफ्टर. आय विश दे हॅड रिपेअर्ड माय हॉर्न. आय होप द रोड इज बेटर आफ्टर द मॉन्सून.’ चार वाक्यांत ‘वुड’, साधा भूतकाळ, पूर्ण भूतकाळ आणि ‘होप’ हे चारही येऊन गेले आणि मुलांना व्याकरणाचा सराव केल्यासारखं वाटतही नाही. विहीर, शाळेची घंटा, बंद पडलेला हातपंप, चिंचेचं झाड, गावात ज्याचं त्याचं काही ना काही असतंच.

काही मुलं स्वतःची इच्छा सांगायला तयार होत नाहीत.

त्यांना भाग पाडू नका. हळहळ शिकवताना आपण मुलांच्या घरात डोकावत असतो, याचं भान हवं. कुणाचे वडील नाहीत, कुणाचं शेत गेलं, कुणाची ताई शाळा सोडून लग्न करून गेली. ‘आय विश माय फादर वेअर अलाइव्ह’ हे वाक्य व्याकरणाच्या तासाला साठ जणांसमोर कुणाच्याही तोंडून काढून घेऊ नये. मुलाने ते वहीत आपणहून लिहिलं, तर मात्र ते नुसतं ‘बरोबर’ची खूण करून सोडू नये. तास संपल्यावर दोन शब्द बोलावेत, मराठीत. वस्तूंच्या तोंडून बोलवण्याचा वरचा सराव या मुलांसाठी म्हणूनच फार उपयोगी पडतो. ज्याला स्वतःबद्दल बोलायचं नाही तो हातपंपाच्या आडून बोलतो.

नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत यातलं काय चालतं?

‘आय वॉन्ट धिस जॉब’ टाळावं, ते मागणीसारखं वाटतं. ‘आय वुड लाइक टू अप्लाय’ कुठेही चालतं. ‘आय विश टू अप्लाय’ जरा औपचारिक आहे, पण अर्जात योग्यच, आणि तिथे ‘विश’चा अर्थ हळहळ नसून ‘इच्छितो’ असा आहे. स्वप्नाबद्दल विचारलं तर ‘आय होप टू बिकम अ नर्स’. ‘आय विश आय वेअर अ नर्स’ म्हटलं तर मुलाखत घेणाऱ्याला वाटेल की उमेदवाराने आशा सोडून दिली आहे. पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. या ‘टू’नंतर ‘हिअर’ लिहिण्याची सवय फार खोल गेलेली असते, ती मोठ्यांच्या वर्गात पुन्हा पुन्हा सुधारावी लागते.

कोणत्या इयत्तेत काय घ्यावं?

प्राथमिकला ‘आय वॉन्ट’च्या जोडीनेच ‘आय वुड लाइक’ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. सहावी-सातवीत ‘होप’, कारण त्याला नेहमीचेच काळ लागतात, नवं रूप शिकावं लागत नाही. आठवीत ‘आय विश आय हॅड, कुड, न्यू, वेअर’ एवढेच चार शब्द, पण भरपूर. नववीत ‘वुड’. पूर्ण भूतकाळाची हळहळ दहावीत, तिसरी रूपं तोंडात बसल्यावर. आठवीत एकाच आठवड्यात सगळं उरकलं तर मुलांना सूत्रं पाठ होतात आणि बोलताना पुन्हा ‘आय वॉन्ट’ येतं.

परीक्षेत वाक्यरूपांतर येतं, त्याची तयारी वेगळी करावी का?

वेगळी थोडीशीच. ‘इफ ओन्ली आय कुड स्विम!’ हे उद्गारार्थी वाक्य विधानार्थी केलं की ‘आय विश आय कुड स्विम’ होतं, क्रियापद जसंच्या तसं राहतं. पुढे उद्गारचिन्ह जाऊन पूर्णविराम येतो, तो मुलं विसरतात. अप्रत्यक्ष कथनात ‘मे’चा ‘माइट’ होतो: ‘शी विश्ड दॅट आय माइट सक्सीड’. इथे ‘विश्ड’ शुभेच्छेचं आहे, त्यामुळे ‘विशनंतर माइट कसं?’ असा प्रश्न हुशार मूल विचारतं. त्याला वाढदिवसाच्या ‘विश’ची आठवण द्या.

निबंध तपासताना यातल्या किती चुका माफ कराव्यात?

‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ असेल तर गुण कापू नयेत. ‘आय विश आय हॅव’ लिहिलं असेल तर खाली रेघ मारून वस्तुस्थितीचं वाक्य लिहायला सांगावं, बहुतेक मुलं स्वतः सुधारतात. ‘होप’च्या जागी ‘विश’ आलं आणि अर्थच फिरला, तर थांबून समजवावं, कारण ती लेखणीची नव्हे तर विचाराची चूक आहे. आणि एखाद्या मुलाने चुकत-माकत का होईना, पुस्तकात नसलेली, स्वतःची इच्छा लिहिली असेल, तर ती वर्गात वाचून दाखवण्याआधी त्याला विचारावं, आणि तो हो म्हणाला तर जरूर वाचावी.